रियलप्लेयरवाला रॉब ग्लेझर: अन्याय झाला की स्वतःच घालवलं?

जुनाश्रोता: रियलप्लेयर आठवतोय ना, कॉम्प्युटरवर नेटवरची गाणी-व्हिडिओ वाजवायचं सॉफ्टवेअर? त्या रियलनेटवर्क्सचा रॉब ग्लेझर. दहा वर्षं मायक्रोसॉफ्टमध्ये काढून १९९४ ला सिएटलमध्ये स्वतःची कंपनी काढली, १९९५ ला रियलऑडिओ आणलं. तोवर गाणं आधी अख्खं उतरवून घ्यायचं आणि मग ऐकायचं, ह्याने साध्या डायल-अपवर, म्हणजे फोनलाइनच्या हळू नेटवर, उतरता उतरता वाजवून दाखवलं, त्याच सप्टेंबरात मरिनर्स-यांकीजची बेसबॉल मॅच नेटवर लाइव्ह ऐकवली. आज ह्याचं नावसुद्धा कोणी घेत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत फुकट प्लेयर देऊन धंदा खाल्ला त्याचा. २००५ ला ७६.१ कोटी डॉलरची तडजोड उगाच केली का त्यांनी?

तर्कट_पुणे: पैसे मिळाले, पण लोक परत आले का? १९९९ ला रियलज्यूकबॉक्सचं, म्हणजे त्यांच्याच सीडी-गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरचं, प्रकरण झालं, तुम्ही कुठली सीडी लावता ते तुमच्या वेगळ्या आयडी नंबरासकट कंपनीकडे जात होतं, तेही न सांगता. बाहेरच्या माणसाने उघड केल्यावर माफी आणि पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट. फुकटचा प्लेयर साइटवर शोधत बसायचा आणि पैशाचा मात्र ठळक समोर. २००६ ला पीसी वर्ल्ड मासिकाने रियलप्लेयरला सगळ्यात वाईट प्रॉडक्ट्सच्या यादीत दुसरा नंबर दिला. हे गेट्सने करायला लावलं?

जुनाश्रोता: अहो समोरचा सगळंच फुकट वाटतोय म्हटल्यावर कमवायचं कुठून? जाहिराती आणि विक्री, दुसरं होतं काय हातात.

तर्कट_पुणे: १९९९ ला स्ट्रीमिंगचं मार्केट त्यांच्याच हातात होतं हो! तेव्हा कसली मजबुरी.

मीरा_ठाणे: ज्यूकबॉक्सबद्दल तर्कटशी सहमत, पण २००४ च्या हार्मनी ह्या रियलच्या सॉफ्टवेअरचा विषय कोणीच काढला नाही. रियलच्या ऑनलाइन दुकानातलं विकत घेतलेलं गाणं आयपॉडवर वाजावं म्हणून केलं होतं ते. ॲपलने हॅकरगिरी म्हणून ठपका ठेवला आणि अपडेट टाकून बंद पाडलं. पैसे मोजून घेतलेलं गाणं कुठे वाजवायचं हे कंपनीने का ठरवायचं? इथे ग्लेझर शंभर टक्के बरोबर होता आणि आजही हा प्रश्न सुटलेला नाही.

तर्कट_पुणे: मुद्दा बरोबर होता ताई, मान्य. पण त्याच मुद्द्यावर रियलने ॲपलविरुद्ध ऑनलाइन सह्या गोळा करायला घेतल्या, तर लोकांनी तिथेच येऊन ॲपलला सोडून रियललाच झोडपलं. आधी फसवलेल्या गिऱ्हाइकाकडे सही मागायला गेलात तर दुसरं काय होणार.