सीएसव्ही वाचताना यूटीएफ-8 एरर, लॅटिन-1 टाकलं तर देवनागरीचा कचरा

टेबलजोड
नमस्कार मंडळी, पायथनने एक मोठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल) वाचतेय, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या फाइल्स एकाखाली एक जोडून ती बनवलेली आहे. यूटीएफ-8 हे एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) दिलं की मध्येच डिकोड एरर येते, बाइट 146 वाचता येत नाही म्हणून. नेटवर सगळीकडे लॅटिन-1 टाका म्हणतात, ते टाकलं तर एरर गेली पण देवनागरी नावांच्या जागी नुसता कचरा, आणि पहिल्या कॉलमच्या नावाआधी तीन भलतीच चिन्हं चिकटलीत त्यामुळे तो कॉलम नावाने सापडतच नाही. नेमकं कोणतं एन्कोडिंग द्यायचं?

बाइटवाचक
एक एन्कोडिंग देऊन सुटणार नाही हे, तुमच्या फाइलमध्ये दोन आहेत. 146 म्हणजे विंडोज-1252 या विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमधला वळणदार अपॉस्ट्रॉफी, वर्डमधून कॉपी केलेल्या इंग्रजी मजकुरात हमखास असतो. देवनागरी मात्र यूटीएफ-8 मध्येच असणार, विंडोज-1252 मध्ये ती अक्षरंच नाहीत. आणि लॅटिन-1 ला एरर येत नाही कारण त्यात 256 च्या 256 बाइट्सना काही ना काही नेमलेलं आहे, फोटोची फाइल दिलीत तरी मुकाट वाचेल. म्हणून हा सल्ला मला फार घातक वाटतो, एरर निदान काहीतरी सांगत तरी होती.

फाइल बायनरी मोडमध्ये (म्हणजे कच्चे बाइट्स मिळतील अशी) उघडा, एकेक ओळ आधी यूटीएफ-8 ने डिकोड करा, नाही झाली तरच विंडोज-1252 ने. क्रम उलटा नको. यूटीएफ-8 चे नियम कडक आहेत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट्सचं, पहिला 224 आणि दुसरा 164 किंवा 165, त्यामुळे दुसऱ्या एन्कोडिंगची ओळ चुकून त्यात बसणं जवळपास अशक्य. सगळ्या ओळी डिकोड झाल्या की मगच मजकूर एकत्र सीएसव्ही रीडरला द्या, नाहीतर कोट्सच्या आत एंटर असलेले रकाने तुटतील.

रकाना
ती तीन चिन्हं म्हणजे बीओएम, फाइल यूटीएफ-8 आहे हे सांगणारी खूण, बाइट्स 239, 187, 191. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-8' म्हणून सेव्ह केलं की फाइलच्या सुरुवातीला येतात. वरच्या उपायात यूटीएफ-8 ऐवजी यूटीएफ-8-सिग (सुरुवातीचा बीओएम काढून टाकणारा प्रकार) वापरा. ओळीओळीने करताय ते बरंच आहे, जोडलेल्या मधल्या फाइल्सचे बीओएमही निघतील, अख्खी एकदम वाचली असती तर फक्त पहिला निघाला असता. हेडरची (कॉलमच्या नावांची) ओळ मध्ये परत आलीय का तेही बघा.

टेबलजोड
चाललं!! कॉलम सापडला, नावंही नीट दिसतायत, खूप आभार. पण काही ओळींत नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत, ती कशी सुधारू?

बाइटवाचक
त्या ओळींचे बाइट्स बघा. 63 असतील तर ती खरोखरचीच प्रश्नचिन्हं आहेत, साध्या सीएसव्हीत सेव्ह करताना कोडपेजमध्ये (विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये) न बसणाऱ्या अक्षरांच्या जागी लिहिली गेलेली. मूळ अक्षरं फाइलमध्ये उरलीच नाहीत, कुठल्याच कोडने येणार नाहीत, मूळ एक्सेल फाइल मागवा आणि तोवर त्या ओळी बाजूला ठेवा. लॅटिन-1 ने वाचून काही डेटाबेसमध्ये गेलं असेल तर ते मात्र वाचवता येतं, तो मजकूर लॅटिन-1 मध्येच परत एन्कोड केला की मूळ बाइट्स जसेच्या तसे मिळतात, मग वरचाच क्रम.