'गाझी' नेमकी कशामुळे बुडाली?

कोथरूडकर: नौदल दिनानिमित्त आमच्या वाचनकट्ट्यावर १९७१ च्या युद्धाविषयी मला बोलायचे आहे. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी आपल्या 'राजपूत' या विनाशिकेने बुडवली, असे आपण ऐकत आलो; पाकिस्तान मात्र ती अपघाताने गेली असे म्हणतो. यातले श्रोत्यांपुढे काय मांडावे?

लोणावळ्याचा नौसैनिक (निवृत्त): दोन्ही बाजू मांडाव्यात. 'गाझी' ही मूळची अमेरिकेची 'डायब्लो'. पाकिस्तानकडे बंगालच्या उपसागरापर्यंत मजल मारू शकेल अशी तीच एक पाणबुडी होती, आणि आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेचा माग काढण्यासाठी ती १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली. आपल्या पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी 'विक्रांत' आधीच अंदमानकडे हलवून, ती विशाखापट्टणमलाच असल्याचा भास 'राजपूत'च्या संदेशांमधून निर्माण केला होता. ३ डिसेंबरच्या रात्री बंदराबाहेर पडताना 'राजपूत'ने संशयास्पद हालचाल दिसताच दोन डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी स्फोटक) टाकले, आणि काही वेळाने प्रचंड स्फोट झाला. त्या डेप्थ चार्जनीच ती फुटली, की बंदराच्या तोंडाशी पेरत असलेला सुरुंग तिलाच बाधला, की बॅटऱ्या चार्ज होताना साठलेला हायड्रोजन पेटला, यावर वाद आहे. जुन्या पाणबुडीवर हायड्रोजनचे भय खरेच असते. म्हणूनच बॅटरीच्या कप्प्यातली हवा सतत बाहेर खेचावी लागते. नंतर पाण्यात उतरलेल्या गोताखोरांनी तिचा पुढचा भाग फुटलेला पाहिला, ही गोष्ट मला आतल्या स्फोटाकडे झुकवते.

सदाशिव पेठ: तुमचे अनुमान पटण्याजोगे असले, तरी 'राजपूत'चे श्रेय सहज काढून घेऊ नये. डेप्थ चार्जच्या धक्क्याने घाबरून खोल जाताना पाणबुडी आपल्याच सुरुंगावर गेली असेल, तर दोन्ही कारणे एकत्र येतात.

कोथरूडकर: आभार. त्यातून कोणी वाचले का?

लोणावळ्याचा नौसैनिक (निवृत्त): नाही. कमांडर झफर मुहम्मद खान यांच्यासह नव्वदहून अधिक जण गेले. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, पाकिस्तानच्या 'हँगोर' पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक आपण गमावले. व्याख्यानात ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवावीत. पाणबुडीविरोधी युद्धात आपण तेव्हा कुठे कमी पडत होतो, हे 'गाझी'पेक्षा 'खुकरी'वरून जास्त कळते.