ओव्हनमधला चॉकलेट फज: तुमचं प्रमाण, तुमच्या युक्त्या

सायसाखर
ब्राउनीवरची चर्चा वाचून हा जुना प्रकार आठवला. प्रमाण: डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, बटर १५०, साखर २००, अंडी ३, मैदा फक्त ६०, चिमूटभर मीठ. अक्रोड-बदाम १००, सुकी फळं ८०. २० सेंमीचा चौकोनी टिन, १६० अंश, साधारण अर्धा तास. बटर-चॉकलेट वितळवून कोमट होऊ द्या, मग साखर, एकेक अंडं, शेवटी मैदा. फार फेटू नका, हवा शिरली की फुगतो आणि बाहेर काढल्यावर मधोमध खचतो. तुम्ही कसा करता?

चारोळी
फळांचं लिहिते. जर्दाळू, क्रॅनबेरी, बेदाणे अर्धा तास गरम संत्र्याच्या रसात. निथळून कापडावर टिपा, बोटाला ओल लागली तर परत टिपा. न भिजवता टाकली तर भोवतालची ओल शोषून घेतात. ताजी फळं नकोच, पाणी सुटून गिचका होतो.

निवांत
सुकामेवा भाजल्याशिवाय घालू नका!! १६० वर ८-१० मिनिटं, गार झाल्यावर चिरा. अक्रोड आधी चाखा, एक खवट निघाला की सगळा टिन वाया.

ओवी_२
चॉकलेट वितळताना मध्येच घट्ट गोळा होतो तो का?

सायसाखर
@ओवी_२ पाण्याचे थेंब किंवा वाफ गेली. साखरेचे आणि कोकोचे कण ओलीने एकमेकांना धरतात. गरम पाण्याच्या भांड्यावर चॉकलेटचं भांडं ठेवून वितळवताना वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू नये, गॅस मंद. गोळा झालाच तर उकळतं पाणी चमचा-चमचा घालून ढवळा, सैल होतं. पण ते सॉसला वापरा, फजला नाही. तेल वेगळं सुटलं असेल तर मात्र चॉकलेट जास्त तापलंय.

निवांत
आणि अंडी फ्रीजमधली थंडगार नकोत, बटर गोठून गाठी होतात. चॉकलेट कढत असेल तर उलट अंडंच शिजतं.

मधलीसुट्टी
बिनअंड्याचा?

चारोळी
कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम, चॉकलेट २५०, बटर ५०, मैदा ६०, साखर अजिबात नाही. १५० अंशांवर २०-२५ मिनिटं. गरम असताना सैलच दिसतो, गार झाल्यावर बसतो.

खडीसाखर
सगळं गणित कधी बाहेर काढता त्यावर आहे. कडा टिनपासून किंचित सुटलेल्या, वर पातळ चकचकीत पापुद्रा, आणि टिन हलवला की मधला भाग एकसंध थरथरतो. लाट उठली तर कच्चा. टूथपिक कोरडी निघायची वाट पाहिली तर उशीर झाला, तिला ओलसर कण चिकटायलाच हवेत. थर्मामीटर असेल तर मधोमध ८०-८५ अंश. बाहेर आल्यावरही आतली उष्णता शिजवत राहते.

ओवी_२
धन्यवाद! छोट्या ओव्हनमध्ये वरचा रॉड चालू ठेवायचा का?

निवांत
बंद. नाहीतर पापुद्रा करपतो आणि आत कच्चा.

मधलीसुट्टी
कापताना चुरा होतो त्याचं काय?

खडीसाखर
रात्रभर फ्रीजमध्ये. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, दर कापाला. बटर पेपर दोन्ही बाजूंनी टिनबाहेर येईल असा घाला, अख्खी लादी उचलता येते.