जीएम झाडांचे परागकण रानात जाऊ नयेत म्हणून नक्की काय करतात?

रानवाट:
मंडळी, फॉरेस्ट्रीच्या सेमिनारसाठी जनुकीय बदल केलेल्या (जीएम) झाडांवर वाचतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. बीटी कापूस निदान हंगाम संपला की उपटून टाकतो आपण, झाड मात्र वर्षानुवर्षं उभं राहणार आणि दरवर्षी फुलणार. पाइनचे परागकण तर ४० किलोमीटर लांब जाऊनही रुजण्याजोगे राहिले होते म्हणे, मग पिकांसारखं अंतर ठेवून काय उपयोग? चीनने २००२ मध्येच बीटी पॉप्लर (किडीपासून वाचावं म्हणून बीटी जीन घातलेलं पॉप्लरचं झाड) लावायला परवानगी दिली होती, म्हणजे हा प्रश्न काही आजचा नाही. कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

पानगळ:
अंतराचा भरवसा नाही म्हणूनच सगळा जोर फुलावर आहे. लीफी नावाचा एक जीन आहे, फूल घडवायची सुरुवात त्याच्याशिवाय नीट होतच नाही. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत स्टीव्ह स्ट्रॉस यांच्या टीमने पॉप्लरमध्ये तो आरएनएआयने, म्हणजे जीनचा संदेश पेशीत अडवायच्या पद्धतीने, दाबला, २०१६ मध्ये पेपर आला. तुरे आले पण अगदी बारीक राहिले, त्यात बी धरलंच नाही, आणि झाडाची वाढ मात्र नेहमीसारखी. मग २०२१ मध्ये निलगिरीत क्रिस्परने, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापायच्या तंत्राने, तो जीनच निकामी केला, तर जिथे कळ्या यायच्या तिथे नुसत्या डहाळ्यांवर डहाळ्या फुटत राहिल्या, फूल नाहीच. पण एक लक्षात घे, हे निलगिरीचं काम ग्रीनहाऊसमधलं आहे आणि निलगिरी लवकर फुलावी म्हणून वेगळा जीन घालून घाई केलेली होती. उघड्यावर पंधरा वर्षं वाढलेलं झाड तसंच वागेल का हे झाड तेवढं वाढल्यावरच कळणार, आणि मला हाच यातला सगळ्यात अवघड भाग वाटतो.

पोळं:
मधमाश्या पाळतो म्हणून लिहितोय. ब्राझीलने २०१५ मध्ये जीएम निलगिरीला मंजुरी दिली तेव्हा तिथल्या मधवाल्यांनी जीव तोडून विरोध केला होता, कारण निलगिरीचा मध सेंद्रिय म्हणून बाहेर जातो आणि त्यात जीएम परागकण सापडले की संपलंच. आता कुणी म्हणेल झाडाला फूलच येऊ देऊ नका, पण हजारो हेक्टर बिनफुलाचं झालं तर माश्यांनी जायचं कुठे? त्यापेक्षा अमेरिकेत थंडी सोसणाऱ्या निलगिरीत जे केलं ते मला जास्त पटतं, पेशी मारणाऱ्या बार्नेज नावाच्या एन्झाइमचा जीन फक्त परागकोशात चालेल असा बसवला, म्हणजे फूल येतं पण परागकण तयार होत नाहीत. अर्थात पराग नाही म्हणजे पिल्लांचा खुराक नाही, पण निदान मकरंद तरी राहतो.

रानवाट:
पोळं दादा, ही बाजू माझ्या डोक्यातच नव्हती, थँक्यू. मग क्लोरोप्लास्टमध्ये, म्हणजे पेशीतल्या हरितद्रव्याच्या कणात, जीन टाकला तर? तो आईकडूनच जातो ना, म्हणजे परागात येणारच नाही.

सुरूबन:
पॉप्लरला चालेल, पण पाइनला नाही. पाइनमध्ये क्लोरोप्लास्ट बापाकडून म्हणजे परागातूनच पुढे जातो, त्यामुळे तिथे ही युक्ती उलटीच पडेल. आणि पॉप्लर बिनफुलाचा केला तरी मुळांतून फुटवे येतात, नदीकाठी मोडून पडलेली फांदीसुद्धा रुजते, वांझ केलं म्हणून झाड जागेवर थांबत नाही.

जागा कुठली यावरही खूप काही आहे. २०२१ मध्ये गुवाहाटीजवळ रबर बोर्डाने जीएम रबर लावलं तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की भारतात रबराशी संकर होईल अशी दुसरी वनस्पतीच नाही, त्यामुळे जीन स्थानिक झाडांत जाणार नाही. तेच ओरेगनमध्ये पॉप्लर लावला तर रानातले भाऊबंद शेजारीच उभे. आणि अमेरिकन चेस्टनटमध्ये गव्हाचा जीन घातला तो बुरशीच्या रोगाने संपत आलेली जात वाचावी म्हणून, तिथे तर तो रानात पसरावा हाच हेतू आहे. त्यामुळे सेमिनारसाठी आधी एकच झाड आणि एकच प्रदेश धर, त्याचे जवळचे नातलग आसपास आहेत का ते शोध, मग पद्धतीकडे वळ.