मदत हवी आहे: काळ्या मातीवरच्या खड्ड्यात कोल्ड मिक्स (न तापवता भरायचं डांबर-खडीचं मिश्रण) टिकेना

सोलापुरातला डांबरी रस्ता, खाली काळी माती, खड्डा साधारण ७ सेंमी खोल. कडा उभ्या, चौकोनी कापल्या, पाणी उपसलं, सैल खडी झाडली. इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून आधी मारायचा पातळ थर, चौरस मीटरला पाव किलो. तपकिरी रंग पूर्ण काळा झाल्यावरच (इथेच घाई होते बहुतेकांची) कोल्ड मिक्स दोन थरांत ठोकलं. तरी आठवड्यात कडेची खडी सुटली आणि ट्रकचं चाक गेलं की भेगेतून गढूळ पाणी उसळतं. म्हणजे दोष मिक्सचा नाही, खालची माती पाणी धरून बसलीय. आता तेवढीच माती काढून मुरूम किती जाडीचा भरावा? की आधी कडेला चर खोदून पाणी काढावं? हॉट मिक्स सुचवू नका, ओल्यात ते धरत नाही.