दंड भरायला पैसे नाहीत म्हणून सरळ कोलवाळच्या तुरुंगात?

म्हापशेकार: आमच्या वाड्यावरचा एक पायलट (गोव्यातला मोटरसायकल टॅक्सीवाला) दारू पिऊन बाईक चालवताना सापडला, कोर्टाने १०,००० दंड केला, न भरल्यास साधी कैद. चूक त्याचीच, वादच नाही. पण त्याच दिवशी तसल्याच केसमधला एक टुरिस्ट मित्राकडून पैसे मागवून जेवायच्या आधी मोकळा, आणि हा पावसाळ्यात भाडं नाही म्हणून कागद धरून बाकावर बसलेला. मुदत मागता येते हे त्याला कोणी सांगितलंच नाही. मला वाटतं कोर्टाने स्वतःहून विचारायला हवं.

सांगेकर: पिताना पैसे होते ना रे? दंडाला हप्ते म्हणजे काय फ्रिज घेतोय काय! उद्या कोणी माणूस उडवला असता तर?

फोंड्याची वहिनी: भाऊ, हप्ते कायद्यातच आहेत. फक्त दंडाची शिक्षा असली आणि लगेच भरता येत नसला तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४६४ खाली कोर्ट ३० दिवस देऊ शकतं किंवा दोन-तीन हप्ते, पहिला ३० दिवसांत, पुढचे जास्तीत जास्त ३० दिवसांच्या अंतराने. बॉण्ड लिहून द्यावा लागतो, जामीनदार मागायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. देणं न देणं मात्र मॅजिस्ट्रेटच्या हातात. आणि गप्प बसून दंड जिरत नाही हां, सहा वर्षं वसूल करता येतो, जप्तीचं वॉरंट निघतं, कलेक्टरकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुलीसुद्धा.

सांगेकर: मग आत जाऊन बसला की फिटलं, सोपंच की.

फोंड्याची वहिनी: पूर्ण कैद भोगली तर सहसा वॉरंट काढत नाहीत, पण खास कारण लिहून कोर्ट काढू शकतं. अर्धी भोगून उरलेल्या अर्ध्याइतका दंड भरला तरी सुटतो. आणि ते दिवस धंदा बुडाला त्याचं काय, पायलटला सुट्टीचा पगार कोण देतो?

सांगेकर: बरं, मुदत द्या. पण तोवर लायसन्स कोर्टात ठेवून घ्या, हप्ता चुकला की परत नाही.

म्हापशेकार: अरे मग भाडं मारणार कसा नि हप्ता भरणार कसा?

डिचोलीची: ते भांडा नंतर. आधी त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा, उत्पन्न कमी असेल तर वकील फुकट मिळतो, अर्ज तोच लिहील. दंडाचा कागद सोबत न्यायला सांगा.