सांतानाच्या कार्यक्रमाला बाबांना न्यायचंय, तिकिटं चुकलीत बहुतेक. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत, इंडियानात राहतो. शहर मध्यम, वस्ती अडीच-पावणेतीन लाख. मोठे कलाकार शिकागोला जातात नाहीतर डेट्रॉइटला, आमच्याकडे फक्त हायवेवर दोन्हीकडचे बाण दिसतात. यंदा मात्र गिटारवादक कार्लोस सांताना येतोय. घरापासून बारा मिनिटांवर, उघड्या थिएटरात!

बाबा सध्या मिरजेहून आलेत. जन्म १९४९ चा, म्हणजे सांतानापेक्षा दोन वर्षांनी लहान. वसतिगृहात कुणाच्या तरी रेकॉर्डप्लेअरवर त्यांनी त्याचा 'अब्राक्सस' अल्बम ऐकला होता, तेव्हापासूनची ही भक्ती. पुढे 'शक्ती' या फ्यूजन बँडमुळे त्यातला गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन आवडायला लागला, आणि त्यानं १९७३ मध्ये सांतानाबरोबर अल्बम केला होता हे कळल्यावर तर बाबांना घरातलीच सोयरीक जुळल्यासारखं झालं. तेव्हा दोघंही श्री चिन्मय यांचे शिष्य होते, सांतानाला गुरूंनी 'देवदीप' असं नाव दिलं होतं. आल्यागेल्याला बाबा हे सांगतात.

ते भजनी मंडळात तबला वाजवतात. त्यामुळे सांतानाचं 'ओये कोमो वा' लागलं की गिटारकडे नंतर, आधी तालाकडे लक्ष. मूळ गाणं टिटो पुएन्तेचं, आणि तो टिंबाली (काठ्यांनी वाजवायचे जोड ड्रम) वाजवणारा, तेव्हा बरोबरच आहे म्हणा. परवा जेवताना दोन चमचे घेऊन साथ सुरू झाली, एक वाटीच्या काठावर, एक ताटाच्या कडेवर. वाटीतली आमटी टेबलावर. म्हणाले, "अरे हा क्यूबन चाचाचा ताल म्हणजे आपला केरवाच, नुसता कंबर हलवून आलाय."

तर अडचण अशी. घाईघाईत मी पुनर्विक्रीच्या एका साइटवरून लॉनची दोन तिकिटं घेऊन बसलो. नंतर कळलं की लॉन म्हणजे उतारावरचं गवत, खुर्च्या नाहीत. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, जमिनीवर बसणं बंद. शिवाय दोन्ही कानांत मशीन. एवढ्या आवाजात ते चालू ठेवायचं की काढायचं? आणि जुलैचं ऊन! २०२२ च्या जुलैत मिशिगनमध्ये खुद्द सांताना उष्णता आणि पाणी कमी पडल्यानं स्टेजवर कोसळला होता, हे बायकोनं मला दोनदा वाचून दाखवलंय. जाणकारांनी सांगावं. बाबा तिसऱ्या आठवड्यात परत जाणार, त्यामुळे 'पुढच्या वेळी' हा पर्याय नाही.

प्रतिसाद १

लॉन विसरा. थेट थिएटरच्या बॉक्स ऑफिसला फोन करा आणि अपंगांसाठी राखीव जागा मागा. पायऱ्या चढता येत नसतील तर व्हीलचेअर नसली तरी ती जागा मागता येते, दाखला मागायची त्यांना परवानगी नाही. शिल्लक असतील तर सोबत्यांना त्याच रांगेत लागून तीन तिकिटांपर्यंत मिळतात. आम्ही सासूबाईंना असंच नेलं होतं.

निवड असेल तर स्पीकरच्या भिंतीसमोर बसू नका. साउंडवाला जिथे मिक्सर घेऊन बसतो त्याच्या आसपास बघा, तो स्वतःच्या कानासाठीच आवाज जुळवत असतो. पर्स-पिशवी पारदर्शक लागते का, तेही विचारून ठेवा. आमच्या हिच्या पैठणीच्या बटव्याला गेटवरून गाडीपर्यंत परत जावं लागलं होतं.

प्रतिसाद २

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. ८५ डेसिबलला आठ तास हा सुरक्षित ऐकण्याचा ढोबळ हिशेब, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० ला पंधरा मिनिटंच उरतात, आणि रॉकच्या कार्यक्रमात १०० सहज होतात. मशीन नुसतं बंद करून कानात ठेवलं की बूच बसलं असं समजू नका, बऱ्याच मशीनना हवेसाठी भोक असतं. काढून डबीत ठेवा आणि कानावर मफ (आवाज अडवणारे कानझाकणे) लावा. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

प्रतिसाद ३

मफ लावून टिंबाली ऐकायची? मग घरी चमचेच बरे.

धागाकर्ता

प्रतिसाद ३, हे वाचून बाबा खूश झाले, तुमचं नाव विचारत होते. पण मफ मागवलेत.

बॉक्स ऑफिसला फोन केला. मिक्सरच्या डाव्या अंगाला तीन जागा मिळाल्या, बायकोही येतेय. पारदर्शक पिशवीच लागते. त्यात काय न्यायचं म्हणून बाबांना विचारलं, तर मशीनची डबी, टोपी आणि खडीसाखर. कोरी पाण्याची बाटली चालते म्हणाले, सील न फोडलेली.

आता शेवटचा प्रश्न: लॉनची दोन तिकिटं पडून आहेत. साइटवर परत विकायला ठेवली तर त्यांचा कट केवढा जातो, कुणाला अनुभव? नाहीतर जवळपासचं कुणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घेतली त्याच किमतीत देतो.